आठ दिवसांची बाटली

३ फेब्रुवारी, सोमवार

पांढरा कोट आहे पण खुर्ची नाही अशा माझ्या सोबत्यांनो, पेशी वाढवतो आपण. त्यांना वेळेवर खाऊ घालतो आपण. सुट्टीच्या दिवशी त्या मरू नयेत म्हणून घरचं कार्य सोडून धावत येतो तेही आपणच. आकडा चांगला आला की तो साहेबांचा शोध असतो. आकडा वाईट आला की तो आपला हात असतो. छापील अहवालात आपलं नाव भिंग घेऊन शोधलं तरी सापडत नाही. हे किती वर्षं चालायचं?

इथवर लिहून थांबले. एकतीस मार्चला आमच्या लॅबच्या तंत्रज्ञ संघटनेची वार्षिक सभा आहे आणि दरवर्षीप्रमाणे मलाच बोलायचं आहे. आजपासूनच तयारी. दादा म्हणतो, "तुला सभा कशाला लागते? दोन माणसं आणि एक स्टूल दिलं की झालं." तो मला तोफ म्हणतो. लहानपणापासून.

लॅबमध्ये सध्या चक्करवरच्या एका गोळीचं काम आहे. गोळी बाजारात येऊन चार वर्षं झाली. ती वर्षानुवर्षं घेतली तरी चालते असा दाखला आता कंपनीला हवा आहे. म्हणून आमच्यापुढचा प्रश्न असा, की हे औषध मेंदूतल्या निरोप पोचवणाऱ्या रसायनांना धक्का लावतं का. मी मेंदूतल्या पेशींसारख्या वागणाऱ्या पेशी बशीत वाढवते, त्यांच्यावर औषधाचं पाणी घालते आणि मग त्यांना डिवचते. डिवचलं की त्या डोपामीन, म्हणजे त्यातलंच एक रसायन, बाहेर सोडतात. किती सोडलं ते मोजायचं. नऊ दिवसांची मोजणी झाली. नऊही दिवशी औषध घातलेल्या आणि न घातलेल्या पेशी अगदी सारख्या.

दादालाही हे सांगितलं, कारण तीच गोळी तो दहा महिने घेतोय. शिडीवर चक्कर येऊन पडला होता, आणि दुकानांच्या पाट्या रंगवणाऱ्याला शिडीशिवाय भागत नाही. गोळीने चक्कर थांबली. डॉक्टरांनी तीन महिन्यांनी पुन्हा दाखवायला सांगितलं होतं. गुण आलाय तर कशाला खेटे घालायचे, असं मीच म्हटलं.

६ फेब्रुवारी, गुरुवार

आज एक गोष्ट केली ती फक्त इथे लिहिते.

नियम असा आहे की औषधाचं द्रावण रोज सकाळी पावडर तोलून ताजं करायचं आणि संध्याकाळी ओतून द्यायचं. पावडरची नवी डबी अजून आलेली नाही. जुनीत एका वेळेपुरतीच उरली होती, ती वापरली की काम बंद. पेशींच्या उबदार कपाटात मागे कोपऱ्यात एकोणतीस जानेवारीची बाटली सापडली. कोमट व्हायला ठेवली होती आणि मीच विसरले होते. पाणी स्वच्छ, रंग तोच, वास नाही. आठ दिवसांत काय बिघडणार? चांगली वस्तू मोरीत ओतायची आणि डबी येईपर्यंत काम बंद ठेवून बसायचं, हे माझ्या रक्तात नाही. जुन्या चिठ्ठीवर नवी चिकटवली आणि तिच्यावर आजची तारीख घातली.

दुपारी मोजणी झाली. औषध घातलेल्या पेशींनी निम्म्याहून कमी डोपामीन सोडलं. पेशी जिवंत, गुबगुबीत. न घातलेल्या शेजारच्या बश्या नेहमीसारख्या. मी पुन्हा मोजायला लावलं. तेच.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

उरलेली पावडर तोलून ताजं द्रावण केलं आणि सगळं परत केलं. फरक शून्य, म्हणजे नेहमीचाच आकडा.

मॅडम आमच्या प्रमुख आहेत. माझ्याहून दहा वर्षांनी लहान, पण आकड्यांच्या बाबतीत आजीबाई. त्यांनी दोन्ही पानं शेजारी ठेवली. "ताई, कालची बाटली कधीची होती?"

"चिठ्ठीवर तारीख आहे की."

"ती वाचली. मी तुम्हाला विचारतेय."

मग माझा आवाज चढला. वीस वर्षं या टेबलाशी उभी आहे, माझ्या हातावर विश्वास नसेल तर स्पष्ट सांगा, आकडा वाकडा आला की टेक्निशियन चोर, ही कुठली रीत. आजूबाजूच्या चौघांनी माना खाली घातल्या. मॅडमनी कालच्या पानावर तिरकी रेघ मारून लिहिलं, ‘हाताळणीतील दोष, धरू नये.’

अपमानाने कान तापले होते. हात माझा खराब नव्हता. बाटली जुनी होती, हे वेगळं.

११ फेब्रुवारी, मंगळवार

दादाची पाटी परत आली. चष्म्याचं दुकान आहे. ‘येथे चष्मे दुरुस्त करून मिळतील’ एवढंच रंगवायचं होतं. ‘येथे’ हातभर आणि ‘मिळतील’ बोटभर. अक्षरं उजवीकडे जाताना बारीक होत गेलेली. दुकानदार चांगला माणूस, हसून म्हणाला, "मास्तर, दुकान चष्म्याचं आहे हे खरं, पण शेवटचा शब्द वाचायला गिऱ्हाइकाला चष्मा लागावा असं काही नाही."

पूर्वी दादा अशा बोलण्यावर खो खो हसला असता. आज चेहरा हललासुद्धा नाही. पाटी घेतली आणि कोपऱ्यात उभी केली.

त्याचं कामाचं दालन आमच्याच इमारतीत खाली आहे. टर्पेंटाइनचा वास, भिंतीवर ब्रश ओळीने. मी खाली जाऊन त्याला चांगलं सुनावलं. साठी म्हणजे काही वय नाही. माणूस शरीराने नाही, मनाने म्हातारा होतो. हल्ली तू पाय ओढत चालतोस, शर्टाची बटणं लावायला अर्धा तास घेतोस, विचारलेल्याचं उत्तर दोन मिनिटांनी देतोस. हा आळस आहे आणि आळसाला औषध नाही.

तो ऐकत होता. बऱ्याच वेळाने म्हणाला, "झाली तोफ उडवून?"

वहिनी दारात होती. "ताई, मला वाटतं हे आळसाचं..."

"वहिनी, तू त्याला पाठीशी घालू नकोस. तूच लाडावून ठेवलंस त्याला."

नंतर कळलं की त्याने आठवडाभर गोळ्याही घेतल्या नव्हत्या. म्हणाला, गोळी नाही घेतली की जरा मोकळं वाटतं. मी म्हटलं, तेवढ्यात चक्कर आली आणि शिडीवरून गेलास म्हणजे? माझ्या हातांनी तपासलेली गोळी आहे. लॅबमध्ये दहा दिवस ती निर्दोष ठरली आहे. समोर उभी राहून गोळी घ्यायला लावली. उद्यापासून डबी माझ्या ताब्यात.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

मोजणीच्या यंत्रावर बसतो त्याला सगळे काटा म्हणतात. माझ्याच बरोबरीचा. कोणी काही विचारलं तर, "काटा काय बोलतो ते बघू," एवढंच म्हणतो. रोजच्या द्रावणाची एक बारीक नळी त्याच्याकडे जाते आणि तो आठवड्याच्या नळ्या एकदम चालवतो. द्रावणात काय आहे ते यंत्र वेगळं करून कागदावर टेकाडासारखं काढतं. एक पदार्थ, एक टेकाड.

आज त्याने मला खुणेने बोलावलं. "ही सहा तारखेची नळी. बाकी सगळ्यांत एक टेकाड. हिच्यात बघ."

दोन होती. मोठं बसकं झालेलं, आणि त्याच्या शेजारी एक नवं.

"तुझ्या बाटलीत भाडेकरू आलाय," काटा म्हणाला. "औषध फुटलंय. हा त्याचाच तुकडा. ताज्या द्रावणात हा येत नाही. किती दिवसांची होती?"

मी कागद त्याच्याकडे परत सरकवला.

"मी मॅडमना सांगणार नाही. पण मला सांग. आठवडा?"

"आठ दिवस. कपाटात. उबेत."

त्याने मान हलवली आणि कागद घडी करून खिशात ठेवला.

१५ फेब्रुवारी, शनिवार

झोप नीट नाही. औषध फुटलं तर दुबळं होईल असं मला वाटत होतं. इथे ते फुटल्यावर पेशींना गप्प करू लागलं. म्हणजे मी बिघडवलेली बाटली नुसती बिघडलेली नव्हती.

१७ फेब्रुवारी, सोमवार

काट्याने जुन्या अहवालांच्या गठ्ठ्यातून पातळसं पुस्तक काढून आणलं. गोळी बाजारात येण्याआधीची, रोग्यांच्या रक्ताची तपासणी. त्यात नेमका तोच तुकडा आहे. गोळी पोटात गेली की यकृत तिला फोडतं आणि हा तुकडा रक्तात उतरतो. तरण्या माणसाच्या रक्तातून तो लवकर निघून जातो, साठीच्या पुढच्यांत साचत राहतो. पाण्यात उबेने फुटलं तरी तुकडा तोच, यकृताने फोडलं तरी तोच.

"आता बघ," काटा म्हणाला. "आपल्या बशीत मेंदूच्या पेशी आहेत. यकृत कुठे आहे?"

कुठेच नाही. रोज ताजं, अखंड औषध आम्ही पेशींवर घालत होतो. माणसाच्या मेंदूला ते तसं अखंड कधी फारसं मिळतच नाही. त्याला मिळतो तुकडा. आम्ही दहा दिवस इमानेइतबारे भलत्याच वस्तूची परीक्षा घेतली. तुकड्याची परीक्षा झाली ती एकच दिवस, आणि त्या पानावर रेघ आहे.

मी विचारलं, "माणसात डोपामीन असं निम्म्यावर आलं तर काय होतं?"

"माझ्या मामाला तो रोगच होता, कंपवात, म्हणून बघितलंय. आधी हसू जातं. चेहरा लाकडासारखा. मग चालताना हात झुलत नाहीत, पाय घासत चालतो. बटणं लागत नाहीत. अक्षर बारीक होतं. पहिली दोन वर्षं सगळे त्याला आळशीच म्हणत होते."

"अक्षर कसं म्हणालास?"

"बारीक. ओळीच्या टोकाला मुंगीएवढं."

मी हातातलं पिपेट खाली ठेवलं. काट्याने विचारलं, बरं वाटत नाही का. मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

दादाला डॉक्टरांकडे नेलं. वहिनीही आली. डॉक्टरांनी त्याला अंगठ्यावर बोट आपटत राहायला सांगितलं. उजव्या हाताची टिचकी चार-पाच वेळांत मंदावून थांबली. कोपर वाकवून पाहिला, तर तो खाचेखाचेने वाकत होता. चालायला लावलं. खोलीभर चालायला दादाला जेवढा वेळ लागला तेवढ्यात मी माझी सगळी भाषणं आठवून संपवली.

"हे केव्हापासून?" डॉक्टरांनी विचारलं.

मी तोंड उघडलं, पण वहिनीने पिशवीतून कॅलेंडरची फाडलेली पानं काढली. मागच्या कोऱ्या बाजूला तिच्या गोल अक्षरात लिहिलेलं. ऑगस्ट, चहाचा कप दोन हातांनी धरतात. सप्टेंबर, झोपेत कूस बदलता येत नाही. नोव्हेंबर, हसले नाहीत. फेब्रुवारीत गोळी बंद होती ते सात दिवस, शेवटच्या दोन दिवशी बटणं स्वतः लावली.

बाहेर आल्यावर मी म्हटलं, "वहिनी, मला का नाही सांगितलंस?"

"सांगत होते. तीनदा."

डॉक्टर म्हणाले, गोळीचं असू शकतं, किंवा तो रोगच आपल्या पावलांनी आलेला असू शकतो. गोळी थांबवल्याशिवाय कळायचं नाही. एकदम नाही, ते सांगतील तशी कमी करत. चक्करसाठी दुसरा उपाय दिला. मग मला म्हणाले, "माहितीपत्रकात असं काही नाही. तुमच्या लॅबमध्ये काही लेखी आहे का? म्हणजे मी इतर डॉक्टरांनाही सांगू शकेन. ही गोळी घेणारी साठीच्या वरची माणसं माझ्याकडेच पंचवीस-तीस असतील."

मी नाही म्हटलं.

१९ फेब्रुवारी, बुधवार

मॅडमना सांगितलं नाही.

२० फेब्रुवारी, गुरुवार

आजही नाही. कारणं तयार आहेत आणि सगळी उत्तम आहेत. खोट्या तारखेबद्दल नोकरी जाऊ शकते. सभेआधी मी तोंडघशी पडले तर संघटनेची मागणीही पडेल. साहेबलोक वर्षभर हेच उदाहरण देत फिरतील. शितावरून भाताची परीक्षा करायला त्यांना कारणच हवं असतं.

मॅडम अठ्ठावीस तारखेला दाखल्यावर सही करणार आहेत. ‘परिणाम आढळला नाही.’

संध्याकाळी दादा खालच्या दालनात पट्टी आणि पेन्सिल घेऊन बसला होता. फळीवर आधी वर-खाली दोन रेघा आखतो आणि अक्षर त्या दोन्ही रेघांना टेकवायचं असं स्वतःला बजावत लिहितो. रेघ असली की अक्षर लहान होत नाही म्हणाला. त्याने चाळीस वर्षांत कधी रेघ आखली नव्हती.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

सकाळी मॅडमच्या खोलीत गेले, दार लावलं आणि उभ्या उभ्या सांगितलं. सहा तारखेची बाटली आठ दिवसांची होती. तारीख मी बदलली. काट्याच्या कागदावर दोन टेकाडं आहेत आणि दुसरं रोग्यांच्या रक्तात सापडतं. माझा भाऊ ही गोळी घेतो.

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "मी तुम्हाला विचारलं होतं."

"हो."

"तुम्ही माझ्यावर ओरडलात."

"हो."

"ताई, पुढचा प्रश्न माझ्या ओठांवर होता. नळीचा कागद मागवणार होते. तुम्ही ओरडलात आणि मी सोडून दिलं. मी तुमच्या ओरडण्याला भिते. ही सगळी लॅब भिते."

घरी येईपर्यंत याची तीन उत्तरं सुचली, पण तिन्ही भाषणं होती.

निघताना त्या म्हणाल्या, "सही थांबवते. पण तुमच्या शब्दावर काही सिद्ध होत नाही. परत करायचं, आणि कुठल्या बाटलीत काय आहे ते या वेळी तुम्हाला कळणार नाही."

७ मार्च, शुक्रवार

दोन आठवडे दुसरं काही केलं नाही. बाटल्या काटा भरत होता आणि वर नुसते आकडे. मी आपली घालत होते, डिवचत होते, मोजत होते. आज मॅडमनी कुठल्या आकड्याच्या बाटलीत काय होतं ती काट्याची यादी उघडली. ताज्या द्रावणाने काही नाही. आठ दिवस उबेत ठेवलेल्याने निम्म्याहून कमी. काट्याने वेगळा केलेला नुसता तुकडा, त्याने तिसऱ्या हिश्शावर. आणि मॅडमची स्वतःची कल्पना म्हणजे एक दिवस यकृताच्या पेशींवर ठेवून मग मेंदूच्या पेशींवर घातलेलं ताजं औषध. तेही निम्म्यावर. तिन्ही वेळा.

कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. काटा म्हणाला, "बोलला काटा," आणि डबा उघडून जेवायला बसला.

१२ मार्च, बुधवार

अहवाल गेला. कंपनीला गेला आणि औषधांवर देखरेख करणाऱ्या खात्यालाही. एक प्रत मी डॉक्टरांना नेऊन दिली. चौथ्या पानावर लिहिलंय, की तंत्रज्ञाने जुनं द्रावण वापरून खोटी तारीख नोंदवली आणि पुढे ते स्वतः कळवलं. माझं पूर्ण नाव आहे. छापील. मी मॅडमना म्हटलं, नुसतं ‘तंत्रज्ञ’ लिहिलं असतं तर चाललं असतं. त्या म्हणाल्या, "संघटनेचीच मागणी आहे ना, नावं लिहा म्हणून?"

ताकीद मागच्या आठवड्यातच मिळाली. तीन महिने माझ्या प्रत्येक पानावर दुसऱ्याची सही लागेल. आठवडाभर आतून जळत होते, ते खरं. अहवाल जाणार हे कळल्यावर काल कंपनीचा माणूस येऊन मॅडमपुढे म्हणाला, जिची तारीखच खोटी तिच्या आकड्यावर काय विसंबायचं. मॅडमनी त्याच्यापुढे काट्याची यादी ठेवली. मी दाराबाहेर होते. आत जाऊन चार शब्द ऐकवावेत असं फार वाटलं. गेले नाही.

२३ मार्च, रविवार

गोळी पूर्ण बंद होऊन आज अकरा दिवस. दादा आज वहिनीच्या कुठल्याशा बोलण्यावर हसला. अर्धंच, एका गालाने. वहिनी पटकन आत गेली आणि बराच वेळ नळ सोडून उभी राहिली. उजव्या हाताची टिचकी अजून मंदावते. डॉक्टर म्हणतात, महिने लागतील, आणि सगळं परत येईलच असं नाही. मी डबी ताब्यात घेऊन समोर उभी राहून गोळ्या दिल्या त्या आठवड्याने किती भर घातली, हे विचारलं. ते म्हणाले, आठवड्याने काय होतंय. माझं मन राखायला म्हणाले असतील.

मी दादाला म्हटलं, "तू मला थांबवायचं नाहीस का? मोकळं वाटतंय म्हणाला होतास."

"तुला? तू बोलायला लागलीस की मी आजवर नुसती टाळी वाजवत आलोय," तो सावकाश म्हणाला. "खरं असतं म्हणून नाही. आवाज चांगला आहे म्हणून."

वहिनी हसली. मलाही हसावं लागलं.

३० मार्च, रविवार

सभा उद्या आहे. तीन वेळा लिहून फाडलं. उद्या एवढंच बोलणार आहे:

तंत्रज्ञ भावांनो आणि बहिणींनो, अहवालात नाव मिळावं ही आपली मागणी मी सोडलेली नाही. पण नाव लागायचं तर त्याखालचं काम खरं असावं लागतं, आणि माझं एक पान खोटं होतं. त्या खोटेपणामागे एक मोठं सत्य पंधरा दिवस दडून बसलं. त्या पंधरा दिवसांत माझ्या घरातल्या माणसाने आणि न पाहिलेल्या किती घरांतल्या माणसांनी ती गोळी चालू ठेवली. मॅडमनी विचारलं तेव्हा मी ओरडले. ओरडायला मला चांगलं येतं, तुम्ही सगळे साक्षीदार आहात.

तुमच्यातल्या प्रत्येकाच्या वहीत असं एक पान आहे हे मला माहीत आहे, कारण आपण सगळे एकाच मुशीतून निघालोय. रात्रभर दार उघडं राहिलेलं कपाट. दुसऱ्याच्या बशीत घातलेलं पिपेट. संपलेल्या मुदतीवर चिकटवलेली नवी चिठ्ठी. पानावर ‘खराब’ लिहून आपण रेघ मारतो आणि सुटतो. काय खराब झालं ते फक्त आपल्याला माहीत असतं, वहीला नाही. त्यातली बहुतेक खरोखरच कचरा असतील. एखादं नसेल, आणि ते कुठलं हे रेघ मारणाऱ्याला कधीच कळत नाही. मला नाही कळलं.

महिनाभरात स्वतःहून दुरुस्त केलेल्या पानाबद्दल कोणावरही कारवाई होणार नाही, असं मॅडमनी लिहून दिलंय. कागद टेबलावर आहे, उठताना वाचून घ्या. मग इथून थेट आपापल्या टेबलाशी जा, वही उघडा, रेघ मारलेलं ते एक पान काढा, आणि त्या रेघेखाली खरं कारण लिहून सही करा.